किमतीचा ग्राफ आणि आईची ज्वारी

मंडळी, आधी एक कबुली. साधी बादली घ्यायची असली तरी आधी तिच्या किमतीचा इतिहास बघणारी जी जमात आहे ना, मी त्यातलाच. कीपा, बायहटके असली टूल्स माझ्या ब्राउझरमध्ये कायमची मुक्कामाला आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही टूल्स वेगवेगळ्या वस्तूंचे भाव सतत नोंदवून ठेवतात. तुम्ही वस्तूचं पान उघडलं की गेल्या काही महिन्यांत तिचा भाव कसा वरखाली झाला, त्याचा ग्राफ समोर येतो. आपण आपला आकडा टाकून ठेवायचा. भाव त्याच्या खाली उतरला की मेल येतो. बस्स, एवढंच.

पण एवढ्यानंही बरंच काम होतं. '५५% सूट' हे कशावर असतं? बहुतेक वेळा एमआरपीवर. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, नेहमीचा भाव नव्हे. ग्राफ बघितला की कळतं, ही 'आजच्या दिवसापुरती' सूट गेले चार महिने रोजच चालू आहे! युरोपीय संघात २०२२ पासून नियम आहे, भाव उतरवल्याची जाहिरात करायची तर आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भावही सांगायचा. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई लावण्यालाही मनाई आहे. पण तेवढ्यावर विसंबण्यापेक्षा आपणच ग्राफ बघितलेला बरा. इथपर्यंत माझं मत पक्कं आहे आणि ते बदललेलं नाही.

आता गंमत ऐका. (तेव्हा गंमत वाटली नव्हती.)

एप्रिल २०२५. आईवडील सोलापूरला, मी पुण्यात. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, आमची खोली वरच्या मजल्यावर आणि स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला. अण्णांना ब्लडप्रेशरचा त्रास. म्हटलं, या वर्षी एसी बसवायचाच. मॉडेल ठरवलं, दीड टनाचं. भाव ४०,००० च्या आसपास. ग्राफवर दिसलं की आदल्या दिवाळीच्या सेलमध्ये तो ३५,००० पर्यंत उतरला होता. झालं! माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ३६,५०० चा अलर्ट लावला आणि निवांत बसलो.

अण्णांनी नवी पेठेतल्या एका दुकानात विचारलं होतं. ३९,००० फिटिंगसकट, उद्या माणूस येईल. मी म्हटलं, "थांबा हो अण्णा, उतरेल." अण्णा काही बोलले नाहीत. ओला टॉवेल अंगावर घेऊन गच्चीत झोपत राहिले. शाळेतला मित्र फोनवर म्हणाला, "काय बे, एसी घेतोस का शेअर घेतोस?" मी हसण्यावारी नेलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाचा अलर्ट आला. ३६,४००! ऑर्डर टाकली. डिलिव्हरीला चार दिवस, फिटिंगवाला आणखी दोन दिवसांनी. स्टॅंड, जादा पाइप, मजुरी मिळून त्याचे २,२००. बेरीज करा. ३८,६००. म्हणजे महिनाभरापेक्षा जास्त थांबून मी वाचवले रोख ४०० रुपये. आणि त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, हे तुम्हाला आठवत असेलच. एसी सुरू झाला आणि बाहेर गारवाही सुरू झाला!

आणखी एक. अलर्ट काढून टाकायला मी विसरलो होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. म्हणजे ४०,००० ची वस्तू कर उतरल्यामुळेच ३६,८७५ ला येते, दुकानदाराने पदरचा एक रुपयाही न सोडता. मला मेल आला, 'भाव उतरला'. बाहेर धो धो पाऊस. ग्राफला हे काही कळत नाही. तो कडा कशामुळे पडला, कर कमी झाल्यामुळे की सेलमुळे, हे आपल्यालाच बघावं लागतं. बँकेच्या कार्डावरची सूट, जुनी वस्तू देऊन मिळणारी वजावट, फिटिंगचा खर्च हे सगळं त्या रेषेत असेलच असं नाही. आणि थांबण्याची किंमत तर त्यात कधीच नसते.

हे सगळं मी आईला मोठ्या तोंडाने समजावून सांगत होतो. ती पाटावर बसून ज्वारी निवडत होती. आमच्याकडे वर्षाची ज्वारी भरतात. मंगळवेढ्याकडची मालदांडी, सुगी झाली की, नवा माल बाजारात आला की. आई त्या दिवसांत चार ठिकाणी भाव काढते, गेल्या वर्षी काय दिला होता ते वहीत बघते, दोन-चार रुपयांसाठी आठवडाभर थांबतेसुद्धा. म्हणजे ग्राफ तिच्याकडेही आहेच. ती म्हणाली, "अरे, भाव बघावा की. पण कणगीचा तळ दिसायच्या आत भरायची असते. भाव उतरेल म्हणून उपाशी बसतं का कोण?"

माझ्या सगळ्या सेटअपमध्ये नेमकं हेच नव्हतं. आकडा होता, तारीख नव्हती.

तेव्हापासून माझे नियम बदललेत. पहिला, अलर्ट लावतानाच शेवटची तारीख लिहायची. त्या दिवशी जो भाव असेल त्याला घ्यायचं आणि मागे वळून ग्राफ बघायचा नाही. दुसरा, तुलना करायची ती वस्तू घरात बसून चालू होईपर्यंतच्या एकूण खर्चाची, आणि त्यात जवळच्या दुकानाचा भावही धरायचा. तिसरा, ज्या वस्तूला तारीख सुचत नाही तिची बहुधा गरजच नाही. तिचा अलर्ट काढून टाकायचा. मी असे तब्बल सतरा काढले. लक्षात ठेवा, यातली बरीच टूल्स आपण त्यांच्या लिंकवरून खरेदी केली की कमिशन मिळवतात. आपण काही न घेता पैसे वाचवले, तर त्यात त्यांना काहीच मिळत नाही.

असो. सध्या यादीत एकच वस्तू आहे, आईसाठी मिक्सर. तारीख ठरलीय, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी. शेंगाची चटणी मात्र ती उखळातच कुटणार आहे, हे तिने आधीच सांगून ठेवलंय :-)