गौण कोण?

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाला इंग्रज ‘सोन्याचा किनारा’ म्हणत. 1957 साली तो स्वतंत्र झाला. परंतु बेकायदा सोनेखाणींमुळे त्याच्या प्रा नदीचे पाणी आज गढूळ झाले आहे. सोने परमुलखात जाते, चिखल गावात राहतो. ऐकून आपण हळहळतो. त्याच 1957 साली दिल्लीत खाणी व खनिजांचा कायदा झाला आणि साधी रेती ‘गौण खनिज’ ठरली. वाचकहो, आमचे भांडण या ‘गौण’ शब्दाशी आहे.

कल्याणला रेतीबंदर, मुंब्र्याला रेतीबंदर. उल्हास खाडीची ओळखच रेतीने झालेली. पूर्वी माणूस बुडी मारून रेती काढी. त्याच्या दमाला सीमा होती, म्हणून उपशालाही होती. सक्शन पंपाला दम लागत नाही! तळ खोल गेला की भरती-ओहोटी काठ पोखरते, तिवरांची झाडे ढासळतात, मासळीचा आसरा जातो. मुंब्रा-दिव्याकडे याच खाडीलगत रेल्वेचे रूळ आहेत, हेही ध्यानात असावे.

कायदा नाही काय? आहे. पाच हेक्टरांहून लहान उपशासही पर्यावरणाची परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बजावले. प्रशासन अधूनमधून पंप आणि बार्ज पकडून कापूनही टाकते. पण गिऱ्हाईक शाबूत असेल तर नवा पंप यायला कितीसा वेळ?

2023 साली सरकारने ब्रासभर, म्हणजे 100 घनफूट, रेतीचा भाव 600 रुपये ठरविला. यात उपशाचा खर्च असेल. ढासळलेल्या काठाची किंमत कोठे आहे? 2025 च्या धोरणाने दगडाच्या कृत्रिम वाळूचा पुरस्कार केला. ठीक. पण तीही डोंगर फोडूनच होते. खाडी राखून पारसिकचा डोंगर गमावणे हा कुठला व्यवहार?

‘तुमचे घर कशाचे बांधले?’ असे कोणी विचारील. रेतीचेच! म्हणूनच बोलणे आमचे कर्तव्य आहे. 1657 साली कल्याण घेऊन शिवरायांनी आरमाराची तयारी केली ती याच खाडीच्या बळावर. तिचे पोट गौण कसे?

यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर ठाण्या-डोंबिवलीत कोणी जागा घेणार असेल, तर लादी आणि नळ पाहून थांबू नये. रेती कोठून आणली, याची पावती मागावी. एकाने मागितली तर बिल्डर हसेल. शंभरांनी मागितली तर त्याला ती दाखवावीच लागेल.