रंधा घ्यायचाय? जरा थांबा!

वसई गावातलं मामाचं जुनं कौलारू घर गेल्या महिन्यात पाडलं. तिथे आता चार मजली इमारत होणार. मामाचा फोन आला, ‘‘माळ्याच्या दोन सागवानी फळ्या बाजूला ठेवल्यात. शनिवारपर्यंत ने, नाहीतर वखारवाला नेईल.’’ याच माळ्यावर आजी आंब्यांची अढी घालायची. मग काय, टेम्पो केला आणि फळ्या थेट विरारच्या माझ्या वन बीएचकेत!

प्लॅन एकदम सिंपल होता. फ्रीलान्सिंगची चार वर्षं पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून काढलीत. आता स्वतःच्या हातांनी टेबल करायचं. फळ्यांवर पन्नासेक वर्षांची काजळी, ती काढायला रंधा हवा. इलेक्ट्रिकचा आणला असता, पण आमच्या सोसायटीत दुपारी मिक्सर लावला तरी वरच्या काकू दार वाजवतात. शिवाय तो भुसा बाल्कनीतून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर! म्हणजे हातरंधाच.

आणि इथेच माझा पोपट झाला. ऑनलाइन तीन रंध्यांचा सेट दिसला, सहाशे नव्याण्णव रुपयांत. एकाच्या पैशात तीन! चकचकीत निळा रंग, वर फाइव्ह स्टार. डोळे झाकून मागवला. पहिल्याच हाताला फळीत कचकन अडकला आणि लाकडाचा वीतभर ढलपा उपसून वर आला. लक्षात घ्या, फळ्या दोनच आहेत. तिसरी कुठून आणणार?

तळमजल्यावरच्या काकांनी उभं आयुष्य गोरेगावला सिनेमाचे सेट उभारण्यात घालवलंय. रडवेल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे गेले. त्यांनी रंधा उलटा केला, तळावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि ट्यूबलाइटकडे रोखून बघितलं. पट्टीखालून मधोमध मस्त उजेड दिसत होता. ‘‘हा रंधा नाय गो, होडी आहे. आणि पात्याला धार कुणी लावली?’’

‘‘नवीनच आहे ना काका!’’

काका इतके हसले की काकू बाहेर आल्या.

तर स्वस्त रंध्याचा खरा फंडा हा आहे : तो तयार मिळत नाही, अर्धा तयार मिळतो. उरलेला अर्धा आपण करायचा. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी अमेरिकेचे ली-नील्सन आहेत, कॅनडाचे व्हेरिटास आहेत. खोक्यातून काढा आणि जवळपास लगेच चालवा. पण तिथून मागवले तर ड्यूटीसकट माझं दोन-तीन महिन्यांचं भाडं जाईल. आपण पैसे वाचवतो ते घाम गाळायच्या बोलीवर. माझा तो सेट मात्र अर्धासुद्धा तयार नव्हता. पात्याचं लोखंड इतकं मऊ, की घासून लावलेली धार दहा हातांत गेली.

मग घ्यायचा कोणता? आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक लोखंडी रंध्यांचा नकाशा अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या माणसाचा. त्याचे हक्क स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये घेतले आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. नंबरही तेच चालत आले. चार नंबर म्हणजे नऊ-साडेनऊ इंची, शेवटचा हात फिरवायला. पाच नंबर चौदा इंची, सगळ्या कामांचा. सात नंबर बावीस इंची, लांब फळ्या सरळ करायला. काकांचं म्हणणं, एकच घ्यायचा तर पाच नंबर घे. लांब असल्याने तो फळीचे खड्डे-उंचवटे ओलांडत जातो. छोटा रंधा खड्ड्यात उतरतो आणि खड्डाच गुळगुळीत करून ठेवतो!

आपल्याकडे अनंत, ग्रोझ ही भारतीय नावं या साच्यात मिळतात. मी रविवार सोडून सुट्टी काढली (फ्रीलान्सरला सुट्टी म्हणजे काय, तर बिनपगारी दिवस) आणि विरार-चर्चगेट पकडून मरीन लाइन्सला उतरले. तिथून चालत नागदेवी स्ट्रीट. पहिल्या दुकानात प्रश्न : ‘‘मॅडम, मिस्त्री कुठाय तुमचा?’’ मी पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि गपचूप रंधे तपासायला लागले. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, हे तिन्ही पट्टीला टेकले तर काम भागतं. मधे थोडं खोलगट चालतं. पातं सरकवायचा पितळी स्क्रू फिरवून बघायचा. पात्याखालचा तिरका ठोकळा हलत नाही ना, तोंडाची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, तेही बघायचं. चौथा रंधा पास झाला. दुकानदाराने मग स्वतःहून चहा मागवला.

जुन्यात हात घालायची हिंमत असेल तर ग्रँट रोडला उतरून चोर बाजार. नशीब असलं तर जुना स्टॅन्ली किंवा शेफिल्डचा रेकॉर्ड सापडतो. गंज निघतो हो, पण ओतीव लोखंडाला गेलेला तडा नाही. म्हणून तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत नख फिरवून बघा.

काकांना स्वतःला अजून लाकडी रंधाच प्रिय. स्वस्त, हलका, आणि वसई-विरारच्या खाऱ्या हवेत गंजायला फक्त पातं. पण त्यात पातं पाचरीने आवळतात आणि हातोडीच्या टिचक्यांनी पुढे-मागे करतात. ती टिचकी मला महिनाभरात जमली नाही. आपल्यासारख्या नवशिक्यांना स्क्रूवालाच बरा, काका काहीही म्हणोत.

घरी आल्यावर खरा कार्यक्रम. जाड काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. रंध्याच्या तळावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारल्या. पातं आत ओढलेलं, पण घट्ट आवळलेलं ठेवून रेघा जाईपर्यंत घासलं. दोन वेबसिरीज संपल्या! मग पात्याची पाठ सपाट केली आणि पंचवीस अंशांची धार दगडावर लावली. हातावरचे केस निघाले की धार आली समजायचं. पात्याच्या पाठीवरची कॅप आयर्न धारेपासून जेमतेम एक मिलिमीटर मागे बसवली. म्हणजे लाकूड उपसायच्या आधीच छिलका मोडतो. तळाला मेणबत्ती घासली.

सागाचा एक त्रास ऐकून ठेवा. त्याच्या अंगात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. दर अर्ध्या तासाला दगड काढावा लागतो. जुन्या फळीत मोडके खिळे असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवा. आणि काम झालं की तळाला शिलाई मशीनचं तेल. पावसाळ्यात विसरलात तर दोन दिवसांत तांबूस!

काल दुसऱ्या फळीवरून पहिला अख्खा छिलका निघाला. कागदासारखा पातळ, सोनेरी. मामाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, ‘‘अगं, आतून असा रंग होता होय त्याचा?’’

ढलपा उडालेली फळी मी मागच्या बाजूला, भिंतीला लावून बसवणार आहे. पाय अजून व्हायचेत. काका म्हणालेत, रविवारी बघू.