शेड पसंत, पण कोणत्या स्क्रीनवर?

सोलापुरात यंत्रमागाच्या कुठल्याही कारखान्यात सूत काट्यावर तोलून घेतात. टॉवेलचा जीएसएम पाहतात, चादर टेपने मोजतात, इंचातले धागे भिंगाखाली मोजतात. एकट्या रंगाचा व्यवहार मात्र नजरेवर चालतो, आणि आता तर मोबाइलच्या स्क्रीनवर. डिझाइन संगणकावर तयार होते, त्याचे चित्र व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, तिकडून ‘ओके’ येते आणि सूत रंगाईला पडते. माल हातात आला की व्यापारी म्हणतो, ‘मी पाहिला तो रंग हा नव्हे.’ तो खोटे बोलत नसतो आणि कारखानदारानेही फसवलेले नसते. दोघांनी दोन वेगळे रंग पाहून एकच सौदा केलेला असतो. माझे म्हणणे असे की हा घोळ महागडा मॉनिटर आणून मिटत नाही. तो मिटतो साधाच मॉनिटर मोजून लावल्याने आणि तो कुठवर खरे सांगतो हे ओळखल्याने. पैसे खर्चायचेच असतील तर ते स्क्रीनच्या इंचांवर नव्हे, मापावर खर्चावेत.

आधी मुळाशी जाऊ. संगणकाच्या फाइलमध्ये रंग नसतो. तिथे प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे असतात, प्रत्येकी 0 ते 255. त्या आकड्यांतून प्रत्यक्षात कोणता प्रकाश बाहेर पडेल हे मॉनिटर ठरवतो, आणि प्रत्येक मॉनिटरचा तांबडा, हिरवा, निळा आणि पांढरा वेगळा असतो. हा गोंधळ आवरावा म्हणून एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये एसआरजीबी हे मानक मांडले. 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. तिन्ही मूळ रंग नेमके कोणते, पांढरा किती निळसर किंवा पिवळसर (डी65, म्हणजे ढोबळमानाने दुपारच्या आभाळाचा 6500 केल्व्हिनचा उजेड), आणि आकडा वाढला की प्रकाश कसा वाढावा, एवढे त्यात ठरवून दिले आहे. शेवटच्या गोष्टीला गॅमा म्हणतात, तो साधारण 2.2. मॉनिटर या मानकावर असेल तर आकड्याला अर्थ आहे. नसेल तर तो आकडा म्हणजे एककावाचून सांगितलेले वजन.

याचा फटका सोलापूरला कुठे बसतो ते पाहायचे तर नेव्ही ब्लू घ्यावा. चादर-टॉवेलच्या जोडीला गणवेशाचे केंद्र म्हणून या शहराने गेल्या काही वर्षांत नाव कमावले आहे, आणि शाळेचा गणवेश म्हटला की नेव्ही ब्लू आलाच. स्क्रीनवर एखादा गडद नेव्ही 20, 24, 50 अशा आकड्यांचा असतो. त्यातला निळ्याचा 50 घेऊ. गॅमा 2.2 असेल तर स्क्रीन निळ्या प्रकाशाच्या पूर्ण ताकदीच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश सोडते. तोच गॅमा 1.8 वर बिघडलेला असेल तर प्रकाश सव्वापाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गंमत अशी की पांढऱ्यात यामुळे तिळमात्र फरक पडत नाही. मधला करडा तेवढा तिसऱ्या हिश्शाने उजळतो. म्हणून पांढरे पान उघडून ‘मॉनिटर छान आहे’ म्हणणाऱ्याला नेव्हीचा बिघाड दिसत नाही. त्यात डोक्यावरची ट्यूबलाइट काचेत पडलेली असली तर त्या झळाळीपुढे गडद निळा कळकट काळा होतो, आणि मग डिझायनर नाइलाजाने फाइलमधला निळा वाढवतो. फाइल दुसऱ्याच्या नीट लावलेल्या स्क्रीनवर उघडली की तोच नेव्ही इंक ब्लू दिसतो. चूक कापडात नव्हती, ट्यूबच्या जागेत होती.

मग घ्यायचे काय? या कामाला टीएन पॅनेल नको. समोरून नीट दिसणारा रंग खुर्ची जरा खाली केली की पालटतो, आणि डिझायनर बसलेला, मालक मागे उभा, अशा स्थितीत दोघे दोन शेड पाहतात. व्हीए पॅनेलचा काळा सुरेख असतो, पण बाजूने पाहताना गडद छटा उजळ पडतात. आयपीएस पॅनेल यात सरस. 24 किंवा 27 इंची, एसआरजीबी पूर्ण व्यापणारा साधा आयपीएस आता ऑफिसच्या खर्चात बसतो. खोक्यावर ‘वाइड गॅमट’ किंवा ‘95 टक्के पी3’ लिहिलेले पाहून हुरळून जाऊ नये. व्याप्ती मोठी म्हणजे रंग खरा, असे नाही. उलट ज्या सॉफ्टवेअरला रंगाची प्रोफाइल वाचता येत नाही, त्यात अशा मॉनिटरवर साधा तांबडा भडक होतो. चादरीचा मरून डाळिंबी दिसू लागला तर पी3 चे कौतुक काय कामाचे? असा मॉनिटर घेतलाच तर त्यातला एसआरजीबी मोड चालू ठेवावा.

खोक्यावरचा दुसरा मोह म्हणजे ‘डेल्टा ई दोनपेक्षा कमी’. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि मिळालेला रंग यांतले अंतर. साधारण एकच्या आसपास नजरेला फरक जाणवू लागतो. हा आकडा कारखान्यातून निघताना, ठरावीक मोडमध्ये, बहुधा अनेक रंगांची सरासरी काढून दिलेला असतो. नेव्हीचा वेगळा आकडा त्यात नसतो. शिवाय मॉनिटरवाले बहुतेक वेळा ज्या सूत्राने डेल्टा ई काढतात ते 2000 सालचे, तर रंगाई आणि कापडाच्या धंद्यात रुळलेले सीएमसी हे सूत्र ब्रॅडफर्डच्या डायर्स सोसायटीच्या समितीने 1984 मध्ये दिलेले. दोन्हींत एक लिहिलेला असला तरी तो एक सारखा नाही. आपल्या डाय हाऊसच्या अहवालातला 0.8 आणि मॉनिटरच्या खोक्यावरचा 2 यांची तुलना करून ‘स्क्रीन थोडीच मागे आहे’ असे समजणारा मनुष्य तोळा आणि औंस एकाच पारड्यात टाकतो आहे.

खरा खर्च ज्यावर करावा ती वस्तू म्हणजे कलरीमीटर. माउसएवढे यंत्र, स्क्रीनवर टेकवायचे. संगणक एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो, यंत्र त्यातून निघणारा प्रकाश मोजते, आणि मागितलेला व मिळालेला यांतला फरक नोंदवून त्या मॉनिटरची आयसीसी प्रोफाइल तयार होते. त्यासाठी डिस्प्लेकॅलसारखे मोफत सॉफ्टवेअरही आहे. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, पांढरा डी65, गॅमा 2.2 आणि उजेड 100 ते 120 कँडेला दर चौरस मीटरला ठेवायचा. दुकानातून आणलेल्या मॉनिटरचा उजेड बहुधा याच्या दुपटी-तिपटीवर असतो, आणि त्यामुळेच स्क्रीनवरची चादर खऱ्या चादरीहून टवटवीत दिसते. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ‘व्हिव्हिड’ वगैरे सगळे बंद. ज्याच्याकडे आज यंत्र नाही त्याने निदान कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेतो ब्राइटनेस उतरवावा. ही मोजणी नव्हे, पण काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरी.

इथे पहिला आक्षेप येतो तो पैशाचा, आणि तो पोकळ नाही. साध्या मॉनिटरच्या किमतीला किंवा त्याहून अधिक पैशाला येणारे मोजणीयंत्र चार माग चालवणाऱ्याने का घ्यावे? त्याने घेऊच नये. मॉनिटर महिन्यातून एकदा तपासला तरी पुरते, म्हणजे एका मॉनिटरसाठी यंत्राचे काम महिन्याला तासाभराचे. उरलेला महिना ते ड्रॉवरमध्ये पडून राहणार. पूर्व भागातल्या दहा कारखान्यांत मिळून एक यंत्र सहज फिरू शकते. यंत्रमागधारकांचे आणि तयार कपडे उत्पादकांचे संघ या शहरात आहेत. वीजदर, सूतदर यांवर ते बोलतात ते बोलावेच, पण असे एक यंत्र आणि ते चालवणारा एक मुलगा ठेवणे हेही संघाचेच काम आहे. चुकलेल्या शेडचा एक लॉट पुन्हा रंगवायचा तर डाय, मीठ, सोडा, वाफ आणि पाणी सगळे दुसऱ्यांदा लागते. पाण्याचा तर सोलापूरकरांना हिशेब सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पन्नास वर्षे डाईंग मास्टरच्या नजरेवर शहर चालले, आता यंत्र कशाला? मास्टरच्या नजरेबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच तिचे बलस्थान नेमके कोणते ते पाहिले पाहिजे. दोन लड्या शेजारी धरल्या तर तरबेज डोळा अगदी बारीक फरक पकडतो. पण एकच रंग समोर असला की तोच डोळा आजूबाजूच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पिवळट पांढऱ्यालाही पाच मिनिटांत पांढरे मानू लागतो. स्क्रीन नेहमी एकटीच पाहिली जाते. म्हणजे जिथे नजर सगळ्यात कच्ची, नेमक्या तिथे आपण तिच्यावर भिस्त ठेवतो. शिवाय मास्टर काही कोणत्याही उजेडात पाहत नाही. तो लडी घेऊन दाराशी जातो. उत्तरेच्या खिडकीचा उजेड चांगला असे पुस्तके सांगतात, पण ती पुस्तके युरोपात लिहिलेली. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेसतरा अंशांच्या थोडे वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथे सूर्य भरदुपारीही माथ्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर मार्चअखेर ते सप्टेंबर उत्तरेच्या खिडकीतून आत शिरते. त्यामुळे जानेवारीत जुळलेली शेड जूनमध्ये त्याच खिडकीशी जुळेलच असे नाही. म्हणून डी65 उजेडाची पेटी हवी, आत करड्या रंगाची. त्यातच दुकानाच्या ट्यूबचा टीएल84 आणि साध्या पिवळ्या बल्बचा उजेडही बटणावर मिळतो. मास्टरला ही पेटी दिली तर त्याची नजर निकामी होत नाही, तिला बारमाही एकच आभाळ मिळते. जाता जाता, डिझाइनच्या खोलीच्या भिंती पोपटी किंवा गुलाबी रंगवण्याची हौस आवरावी.

तिसरा आक्षेप तरुण मालकांचा: आपण स्क्रीन कितीही मोजली तरी गिऱ्हाईक पाहणार त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल मोजायला आपण त्याच्या घरी जाणार आहोत का? नाही. पण शंभर गिऱ्हाइकांचे शंभर मोबाइल शंभर दिशांनी चुकतात. कोणाचा निळसर, कोणाचा पिवळट, कोणाचा भडक. फाइल मानकावर असेल तर त्यांतल्या बऱ्याच जणांना खऱ्याच्या आसपासचा रंग दिसेल. फाइलच मूळची पिवळट असेल तर जवळजवळ सगळ्यांनाच चुकीचा दिसेल, आणि ज्याचा मोबाइल आधीच पिवळट त्याला दुप्पट चुकीचा. आपल्या हातातली अर्धी चूक काढता येते, म्हणून ती काढावी. ऑनलाइन विकणाऱ्यांनी एवढे जरूर करावे की फोटो एका ठरलेल्या उजेडात, शेजारी करडे कार्ड ठेवून काढावा आणि मोजलेल्या मॉनिटरवरच सुधारावा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने आपणहून ‘सुंदर’ केलेल्या फोटोवर पुन्हा हात फिरवण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही स्क्रीनची हद्द आहेच, आणि ती लपवणारा विक्रेता ओळखून असावा. स्क्रीन प्रकाश सोडते, कापड तो परतवते. टेरी टॉवेलचे लूप एका बाजूला झुकले की तोच टॉवेल दोन हातांवर धरून दोन शेडचा दिसतो. सपाट स्क्रीनवर हे दाखवता येत नाही. फ्लोरोसंट पिवळा आणि नारिंगी तर स्क्रीनच्या आवाक्याबाहेरच. ते रंग न दिसणारा अतिनील प्रकाश गिळून तो दिसणाऱ्या प्रकाशात बाहेर टाकतात, त्यामुळे शेजारच्या पांढऱ्याहूनही ते तेजाळतात. पांढऱ्या टॉवेलमधल्या ब्राइटनरचे तेच. त्याशिवाय मेटामेरिझम आहे: पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या कापडात दोन तंतूंना दोन जातींचे डाय लागतात, आणि उन्हात जुळलेली पँट आणि ट्युनिक वर्गातल्या ट्यूबखाली वेगळी पडू शकतात. तीन आकड्यांच्या चित्रात हे कुठून येणार? तेव्हा स्क्रीनवर ठरवावे ते डिझाइन, रंगांची जोडी, पट्ट्याची रुंदी आणि दहा शेडमधल्या कोणत्या दोन लॅबमध्ये पाठवायच्या ते. अंतिम ‘ओके’ रंगवलेल्या कापडाच्या तुकड्यावरच, पेटीत पाहून. ऑर्डरच्या कागदावर ‘फोटोप्रमाणे’ हा शब्द आला की तो खोडावा. त्या जागी शेडकार्डाचा नंबर, कोणता उजेड, सीएमसीने किती डेल्टा ई चालेल ते लिहावे आणि खाली दोन्ही बाजूंच्या सहीचा कापडाचा तुकडा टाचावा. व्यापारी पहिल्यांदा कुरकुर करेल. पण परत आलेल्या मालाचे भाडे कोणी भरायचे, हा वाद मिटवायला पुढे तोच तुकडा लागणार आहे.