गंगार्पण

नाशिकचा माणूस गोदावरीला सहसा गोदावरी म्हणत नाही. तो 'गंगा' म्हणतो. बुधवारचा बाजार 'गंगेवर' भरतो, पावसाळ्यात 'गंगेला' पूर येतो आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून त्या पुराची प्रत ठरते. या नावातली माया आम्ही जाणतो. तरीही अलीकडे आम्हांला याच नावाची धास्ती वाटू लागली आहे. मराठीत 'गंगार्पण करणे' असा एक प्रयोग रूढ आहे. जे गंगेला वाहिले ते आपल्या हिशेबातून सुटले, त्याची पुन्हा विचारपूस करायची नाही, असा त्याचा मथितार्थ. पुलावरून नदीत पिशवी भिरकावणारा मनुष्य हा वाक्प्रचार शब्दशः आचरणात आणत असतो.

त्या पिशवीत झेंडूचे हार असतात, दूर्वा असतात, क्वचित देवाची जुनी तसबीर असते. तेव्हा तो कचरा नव्हे, निर्माल्य. फुले चार दिवसांत कुजून पाण्याला मिळतात. ज्या पिशवीतून ती आली ती मात्र राहते. निर्माल्य या शब्दाच्या पदराखाली प्लास्टिकही सोवळे होऊन जाते, हा भाषेचा एक विलक्षण चमत्कारच म्हणायचा! पुलांच्या कठड्यांवर लोखंडी जाळ्या बसल्या, तर लोक जाळीवरून पिशवी फेकायला शिकले. नाशिकच्याच एका पुलावर शिट्टी घेऊन लोकांना अडवीत उभे राहिलेल्या एका नागरिकाची हकीकत वाचून आम्हांला आधी हसू आले, नंतर ओशाळल्यासारखे झाले.

नदीतल्या प्लास्टिकची चर्चा बहुधा समुद्राच्या नावाने होते. 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ऐंशी टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्या वाहून नेतात, आणि त्यांत किनाऱ्यालगतच्या शहरांतील लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. समुद्र जितका दूर, तितकी वस्तू तिथवर पोहोचण्याची शक्यता कमी. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरीची लांबी सुमारे १४६५ किलोमीटर. एखादा नाशिककर हे वाचून सुस्कारा सोडील. आम्हांला तो सुस्कारा मान्य नाही. समुद्रापर्यंत गेले नाही तर ते राहिले कुठे? निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथले पाणथळ जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत गेले, महाराष्ट्रातले पहिले. त्याच्या खाली पैठणचा नाथसागर. गाथासप्तशतीतली गोदा, एकनाथांची गोदा, ती हीच. समुद्र वाचल्याचे समाधान मानताना आपण वाटेतल्या माणसांच्या आणि पाखरांच्या पाण्याचा हिशेब सोडून देतो.

तेव्हा अडवायचे कुठे? आमच्या मते रामकुंडावर नव्हे. रामकुंड स्वच्छ करणे हे दर्शनी काम आहे, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने त्याला उत्साहही भरपूर लाभतो. खरे काम आडबाजूला आहे, वाघाडीवर आणि नासर्डीवर. टाकळीला जिथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते, तिथे गोदावरीला मिळणारी नंदिनी ती हीच नासर्डी. नंदिनीची नासर्डी झाली आणि बोलण्यात नासर्डीचा 'नाला' झाला. नाला म्हटले की त्यात काय टाकावे, याचा संकोच उरत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जोन्स फॉल्स ही लहान नदी बंदराला मिळते त्या मुखावरच २०१४ पासून पाण्याच्या आणि सूर्याच्या बळावर फिरणारे एक चाक कचरा उचलते आहे. आम्हांला त्या यंत्राचे फारसे अप्रूप नाही; त्याची जागा मात्र अचूक निवडलेली आहे. आपल्याकडे ती जागा टाकळीचा संगम आहे, आणि त्याच्याही वर वस्त्यांमधली गटारांची तोंडे.

जाळी लावली की काम झाले, असे नव्हे. जाळी तुंबते; ती रोज उपसावी लागते, म्हणजे माणसे लागतात, त्यांना हातमोजे लागतात आणि वेळेवर पगार लागतो. शिवाय आठ महिने नाल्यात साचलेले सारे पहिल्या मोठ्या पावसात एकदम सुटते. त्या लोंढ्यापुढे कोणतीही जाळी टिकणे कठीण. म्हणून काम मृगाच्या आधी व्हायला हवे. बंदीचे म्हणाल तर राज्याची २०१८ ची आहे, केंद्राची १ जुलै २०२२ पासूनची आहे. बाजारात भाजीवाल्याकडे पिशवी मागून पाहावी, बंदी कितपत पोहोचली ते कळते. आम्ही साहित्याचे लोकही यातून सुटत नाही. कोणत्याही परिसंवादात वक्त्यांपुढे बाटल्यांची रांग मांडलेली असतेच, मग विषय निसर्गकविता का असेना.

कुसुमाग्रजांची 'कणा' आम्ही वर्गात अनेकदा शिकवली. पुराने घर मोडून नेले तरी नदीविषयी मनात कडवटपणा न धरणारा तो विद्यार्थी दरवर्षी नव्या मुलांना भेटतो. मुले उमेदीवर उत्तरे लिहितात, गुण मिळवतात. पूर ओसरल्यावर नदी मागे काय ठेवून जाते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. त्या कवितेत ती चिखल ठेवून जाते. आज काठच्या बाभळींवर, एकाच उंचीवर, पिशव्यांच्या चिंध्यांची ओळ लटकलेली दिसते. दुतोंड्या मारुती कधी न पाहिलेल्या माणसालाही तिच्यावरून पूर कुठवर आला होता ते सांगता येते.