विचारण्याचे धैर्य

झोप लागत नाही, भूक मंदावली आहे, कशातच मन रमत नाही, अशी तक्रार घेऊन विशीतील एखादा तरुण दवाखान्यात येतो. सोबतचे आईवडील म्हणतात, "परीक्षेचा ताण आहे, दुसरे काही नाही." अनुभवी परिचारिका त्यांचे ऐकून घेते आणि त्यांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करते. घरच्यांना दुःख होईल या भीतीने जे ओठांवर येत नाही, ते अनेकदा परक्यापाशी बोलता येते.

गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थिती जोखण्यासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण असतात. एकूण २७ पैकी १० वा अधिक गुण आल्यास सखोल तपासणी आवश्यक ठरते. मात्र केवळ गुणांवरून निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर 'कधीच नाही' याहून वेगळे आले, तर एकूण गुण कितीही कमी असले तरी परिचारिका तेथेच थांबते. हे विचार किती वेळा येतात, काही बेत ठरला आहे का, पूर्वी असा प्रयत्न झाला होता का, मन मोकळे करावे असे जवळचे कोणी आहे का, हे ती शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारते. "कोणालाही सांगणार नाही" असे वचन ती देत नाही. धोका निकट वाटल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवते आणि रुग्णाला एकटे सोडत नाही.

असे विचारल्याने नको तो विचार मनात रुजेल, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी थेट विचारले याचाच पुष्कळांना दिलासा वाटतो.

हे धैर्य घरातही हवे. मूल अबोल झाले, चिडचिडे झाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर "लोक काय म्हणतील" हा विचार बाजूस ठेवून "तुला जगणे नकोसे वाटते का?" असे प्रेमाने विचारावे. उत्तर 'हो' आल्यास उपदेश वा इतरांशी तुलना करू नये. जवळ बसावे, घातक वस्तू दूर कराव्यात आणि त्याच दिवशी वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा चोवीस तास, मराठीतूनही, उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवलेला असावा.