थंड पाणी बंद करून पाहा

नव्या फ्लॅटच्या न्हाणीघरात तापमान राखणारा शॉवरचा नळ दिसू लागला आहे. आकडा ३८ वर ठेवला की गिझरचं पाणी कितीही तापलेलं असो, अंगावर सोसवेल एवढंच येतं. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हा खर्च योग्यच. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत खोलवर भाजतं. मुलांची कातडी त्याहून नाजूक.

मात्र ही सगळी राखण नळाच्या पोटातल्या मेणाच्या एका लहानशा कुपीवर आहे. मेण तापून फुगतं, दट्ट्या सरकतो आणि गरम पाण्याची वाट आकसते. थंड पाणी अचानक गेलं तर गरम पाणी रोखायचं कामही तिचंच. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार तिथे साचले की दट्ट्या अडखळतो, आणि एरवी शॉवर ठीक चालत असल्याने ते कुणाला कळतही नाही.

म्हणून मूठ अधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. वर्षातून एकदा प्लंबरकडून दोन्ही बाजूंच्या जाळ्या आणि पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपा साफ करून घ्याव्यात. मग खरी परीक्षा: शॉवर ३८ वर चालू ठेवून, अंग बाजूला घेऊन, थंड पाण्याची लाइन बंद करायची. काही क्षणांत धार थांबली पाहिजे. गरम पाणी वाहतच राहिलं तर मेणाची कुपी असलेलं कार्ट्रिज बदलेपर्यंत त्या शॉवरखाली कुणाला उभं करू नये. ब्रिटनच्या रुग्णालयांत शॉवरच्या पाण्याला ४१ अंशांची मर्यादा आहे आणि ही तपासणी ठरावीक मुदतीने केली जाते.

आपल्याकडे अडचण भिंतीतच आहे. नळ टाइल्सच्या आड गाडलेला, थंड-गरम लाइनला वेगळे कॉक नाहीत, जाळीपर्यंत हात पोचत नाही. अशा नळाची देखभाल करणार कशी? तपासताच येणार नाही असं सुरक्षेचं साधन बसवून बिल्डरने त्याचे पैसे घेऊ नयेत. ताबा घेताना दोन्ही कॉक कुठे आहेत ते विचारावं, थंड पाणी बंद करून दाखवायला सांगावं, आणि धार थांबली नाही तर ते काम अपुरं म्हणून ताबापत्रावर लिहूनच सही करावी.