गुंगी आणि अंमल : भाषा संचालकांस अनावृत पत्र

माननीय संचालक महोदय,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र राज्य.

१९८५ साली संसदेने केलेला जो कायदा पोलीस ठाण्यांत ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो, त्याच्या राजमान्य मराठी नावाचा आरंभ ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ या शब्दांनी होतो, आणि त्यातील पहिल्याच विशेषणाविषयी मला तक्रार गुदरावयाची आहे. कोकेन हे मज्जासंस्थेस उत्तेजित करून झोप उडविणारे द्रव्य. तथापि १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यास अफूच्या पंक्तीस बसविले असल्यामुळे, रात्र रात्र जागविणारी ही पूड आपल्या दप्तरी गुंगीकारक म्हणून दाखल होते. याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे, आणि त्यांच्यावाचूनची नुसती पाने मात्र वगळलेली. म्हणून भांग त्या व्याख्येतून सुटते. जो कायदा परिणामाकडे न पाहता झाडाच्या अवयवांची अशी वाटणी करतो, त्याच्या नावाने परिणामाची ग्वाही का द्यावी?

लोकांनी रूढ केलेला ‘अंमली पदार्थ’ हा शब्द याहून शहाणा आहे. गुंगी, उन्माद की भ्रम, याचा आगाऊ निवाडा न करता, द्रव्य मनावर सत्ता गाजविते एवढेच तो सांगतो. (जप्ती करणाऱ्या अंमलदाराच्या हुद्द्यातही तोच अरबी शब्द नांदतो, ही त्यातली मौज.)

परंतु न्यायालयात कायद्याची व्याख्या असते. तेथे शब्द चुकला तरी आरोप चुकत नाही. खरी हानी होते ती रुग्णशय्येपाशी. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मॉर्फीन हे मान्य औषध. पण परवान्यांच्या जाचामुळे ते रुग्णालयांसही दुर्मीळ झाले, आणि अखेर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून अशा अत्यावश्यक औषधांचा स्वतंत्र वर्ग करावा लागला. परवाना सुलभ झाला तरी नाव तेच राहिले, आणि ‘नशेचे औषध नको’ म्हणणाऱ्या नातलगांची समजूत काढताना डॉक्टरांस आधी त्या नावाशीच झगडावे लागते.

सबब विनंती अशी की, अधिनियमाच्या शीर्षकात ‘अंमली’ हा शब्द स्वीकारण्याविषयी आपण विधी विभागाकडे प्रस्ताव पाठवावा. ‘गुंगीकारक’ हे विशेषण खरोखर गुंगी आणणाऱ्या द्रव्यांपुरतेच राखावे. आणि शासकीय रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत मॉर्फीनचा उल्लेख ‘अफूजन्य वेदनाशामक’ असा करण्याची शिफारस सार्वजनिक आरोग्य विभागास करावी. शीर्षकाचे काम कालहरणाचे असेल. माहितीपत्रकांस मात्र त्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

कळावे.

आपला विनम्र,
एक मराठी वाचक